चीनमधील राजकीय अशांतता आणि राष्ट्रीय ऐक्य
(संस्थेच्या वार्षिक समारंभात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



चिटणीससाहेबांनी विषयाची निवड माझ्यावर सोपविली, तेव्हा 'विद्यार्थी आणि शिस्त' किंवा 'शिक्षणाचे महत्त्व' यांपैकी काहीतरी मी बोलेन अशी त्यांची अपेक्षा असावी. ते विषय या व्यासपीठावरून माझ्याहून वडीलधाऱ्या मंडळींनी अनेकदा मांडले आहेत. मी चीन निवडला, आणि त्याला कारण आमच्या शाळेतील एक विद्यार्थिनी आहे.

नववीच्या वर्गात नकाशा टांगून मी चीनचा इतिहास सांगत होतो. बंड, दुष्काळ, परकीय स्वाऱ्या, यादवी, पुन्हा बंड. शेवटच्या बाकावरची मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, "सर, एवढी भांडणं झाली तर भाऊ वेगळे का नाही झाले?" वर्ग हसला. मी चटकन म्हटले, "बंदुकीमुळे." तेवढ्यात घंटा झाली आणि माझी सुटका झाली. परंतु ते उत्तर मलाच पटेना. बंदुका ऑस्ट्रियाच्या बादशहाजवळ होत्या, तुर्कस्तानच्या सुलतानाजवळही होत्या; पहिल्या महायुद्धानंतर त्यांच्या साम्राज्यांचे तुकडे झाले. चीनचे मांचू घराणे 1912 मध्ये गादीवरून उतरले, पण नकाशा मात्र बराचसा जुनाच राहिला. बाह्य मंगोलिया तेवढा कायमचा गेला आणि तैवानचा प्रश्न आजही तसाच आहे. असे का झाले, याचा शोध घेत मी वाचीत गेलो. जे हाती लागले ते आज आपल्यापुढे ठेवतो.

प्रथम ते घर कसे होते ते पाहू. 1644 पासून राज्य करणारे मांचू हे स्वतः चिनी नव्हते. ते ईशान्येकडून आलेले. त्यांच्या छत्राखाली बहुसंख्य हान होते, मंगोल होते, तिबेटी होते, सिंक्यांगमधील तुर्की बोलणारे उइघुर मुसलमान होते आणि गावोगाव विखुरलेले, चिनीच बोलणारे 'हुई' मुसलमान होते. 1850 च्या सुमारास लोकसंख्या चाळीस कोटींच्या वर गेली होती. एवढ्या मोठ्या मुलखाला धरून ठेवणारी जी काही सूत्रे होती त्यांतील एक ऐकून विद्यार्थ्यांना नवल वाटेल: परीक्षा! सरकारी अधिकारी होण्यासाठी तालुक्यापासून राजधानीपर्यंत पायरीपायरीने परीक्षा द्यावी लागे. कॅन्टनचा मुलगा आणि पेकिंगचा मुलगा एकमेकांचे बोलणे समजू शकत नसत, पण पाठ करीत ते तेच ग्रंथ आणि लिहीत तीच अक्षरे. तेराशे वर्षे हा क्रम चालला. दरबाराचा अंमल तलवारीने बसे हे खरे; पण कोपऱ्यातल्या खेड्यातील बापालाही वाटे की आपला पोरगा शिकला तर त्या दरबारात जाऊन बसेल. ही आशा राज्याच्या फार उपयोगी पडली.

आणि ती आशा तुटली की काय होते, तेही चीननेच दाखविले. हुंग श्यू-छ्वान नावाचा दक्षिणेकडील एक तरुण, शाळामास्तर, या परीक्षेत पुनःपुन्हा नापास झाला. आजारपणात त्याला दृष्टांत झाले आणि आपण येशूचे धाकटे बंधू आहोत असे त्याने जाहीर केले. 1850 पासून 1864 पर्यंत चाललेले तायपिंग बंड ते हेच. 1853 मध्ये नानकिंग त्याच्या ताब्यात आले. या बंडात दोन कोटी किंवा त्याहून अधिक माणसे मेली असावीत असा इतिहासकारांचा अंदाज आहे. एका नापास विद्यार्थ्याने हे केले, असे मी म्हणणार नाही. भुकेले शेतकरी, खचलेला कारभार, अफूच्या युद्धाने उघडी पडलेली राजसत्ता, हे सारे दारूगोळ्यासारखे साठलेले होते.

अफूचा उल्लेख आला म्हणून एक गोष्ट सांगणे भाग आहे. आपण मुंबईकडील लोक त्यातून अगदी हात झटकून मोकळे होऊ शकत नाही. माळव्याची अफू मुंबई बंदरातून चीनकडे जाई, आणि आपल्या मुंबईतील कित्येक नामांकित व्यापारी घराण्यांची संपत्ती या चीनच्या व्यापारातून उभी राहिली. 1839 मध्ये लिन त्से-शू या अधिकाऱ्याने वीस हजारांहून अधिक पेट्या अफू नष्ट केली, इंग्रजांनी युद्ध पुकारले, आणि 1842 च्या नानकिंग तहाने हाँगकाँग गेले व पाच बंदरे उघडावी लागली. तेथून पुढे साठ वर्षे जो आला त्याने चीनचा लचका तोडला. तपशील पाठ्यपुस्तकात आहेत. मी पुढे जातो.

याच काळात हुई मुसलमानांचीही मोठी बंडे झाली. युन्नान प्रांतात 1856 ते 1873, आणि शेन्सी-कान्सू भागात 1862 पासून पुढे. आपल्याकडे कोणी हे वाचतो तेव्हा 'मुसलमान विरुद्ध चिनी' असे सरळ चित्र मनात रंगवितो. प्रत्यक्षात चित्र इतके सरळ नाही. युन्नानमध्ये भांडण पेटले ते खाणींच्या हक्कांवरून व स्थानिक अधिकाऱ्यांच्या पक्षपातातून, आणि 1856 मध्ये राजधानी कुन्मिंगमध्ये मुसलमानांची कत्तल झाल्यावर त्याचे बंडात रूपांतर झाले. तू वन-श्यू यांनी तालीफू येथे स्वतंत्र राज्य मांडले, तर दुसरे मुसलमान पुढारी मा रू-लुंग सरकारला जाऊन मिळाले आणि आपल्याच पूर्वीच्या साथीदारांविरुद्ध लढले. कान्सूमध्ये मा चान-आव यांनी 1872 मध्ये सरकारी फौजेचा पराभव केला आणि जिंकल्यावर शरणागती पत्करली! लढाई जिंकली तरी युद्ध जिंकता येणार नाही हे त्यांनी ओळखले. त्यांच्या व त्यांच्या साथीदारांच्या वंशजांनी पुढे पन्नास वर्षांहून अधिक काळ वायव्य चीनच्या राजकारणात हुकमत गाजविली. जे शरण गेले नाहीत त्यांची गावेच्या गावे ओस पडली, उरलेले रशियाच्या हद्दीत निघून गेले. त्यांची संतती आजही किरगिझस्तान व कझाकस्तानात आहे.

आता 1905 कडे या. त्या वर्षी दरबाराने जुनी परीक्षापद्धती रद्द केली. सुधारणा आवश्यकच होती. पण जुना दोर कापला आणि नवा अजून वळलेला नव्हता. ज्या मुलांनी पूर्वी पेकिंगकडे पाहिले असते ती तोक्योकडे पाहू लागली, नव्या पलटणीत भरती झाली, गुप्त मंडळ्यांत शिरली. 10 ऑक्टोबर 1911 रोजी वूचांग येथे सैनिकांनीच उठाव केला. 1 जानेवारी 1912 रोजी डॉ. सन् यत्-सेन हंगामी अध्यक्ष झाले आणि 12 फेब्रुवारीला सहा वर्षांच्या बादशहाच्या नावाने राजत्यागाचा हुकूम निघाला.

नव्या प्रजासत्ताकाच्या झेंड्यावर पाच पट्टे होते. तांबडा हानांचा, पिवळा मांचूंचा, निळा मंगोलांचा, पांढरा मुसलमानांचा आणि काळा तिबेटींचा. हा झेंडा माझ्या मनात फार वेळ राहिला. कालपर्यंत मांचूंना हाकलून द्या म्हणणाऱ्या क्रांतिकारकांनी सत्ता हाती येताच त्याच मांचूंसाठी एक पट्टा राखला. यात मनाचा मोठेपणा किती आणि प्रांत हातचे जातील ही भीती किती, हे ज्याने त्याने ठरवावे. मला दोन्ही दिसतात.

झेंडा शिवला म्हणून राष्ट्र शिवले जात नाही. युआन शि-काय या सेनापतीने अध्यक्षपद बळकावले, बादशहा होण्याचा घाट घातला, 1916 मध्ये तो मेला आणि प्रांतोप्रांती लष्करशहा उभे राहिले. पुढची दहा-बारा वर्षे कोणाचे सरकार कोठवर चालते हे आगगाडीचे रूळ पाहून ठरे. सन् यत्-सेन आपल्या लोकांना सुट्या वाळूची उपमा देत, ती या दिवसांत शब्दशः खरी होती.

आणि नेमक्या अशा वेळी, राज्य जवळजवळ नसताना, राष्ट्र दिसू लागले. विद्यार्थ्यांनो, हा भाग तुमचा आहे. शांतुंग प्रांतातील जर्मनांचे हक्क चीनला परत न देता जपानला द्यावेत असे पॅरिसच्या तहपरिषदेत ठरल्याची बातमी आली. 4 मे 1919 रोजी पेकिंगमधील तेरा विद्यालयांचे सुमारे तीन हजार विद्यार्थी तिएन-आन-मेन चौकात जमले. एका मंत्र्याचे घर जाळले गेले, बत्तीस विद्यार्थ्यांना अटक झाली. घर जाळणे मला शिक्षक या नात्याने मान्य नाही. पण पुढे जे घडले ते पाहा. जूनमध्ये शांघायचे दुकानदार आणि गिरणीकामगार संपावर गेले. ज्यांनी शांतुंग कधी डोळ्यांनी पाहिले नव्हते, ज्यांची बोली पेकिंगला समजत नव्हती, त्यांनी आपली रोजी बुडविली. तीन अधिकाऱ्यांना काढावे लागले आणि 28 जूनला चिनी प्रतिनिधींनी व्हर्सायच्या तहावर सही केली नाही. चीनमध्ये त्या दिवसांत धड सरकार नव्हते, तरी 'हे आमचे आहे' असे म्हणणारी माणसे होती.

त्याच पिढीने भाषेचे काम हाती घेतले. हू शि यांनी 1917 मध्ये बोलीत लिहिण्याचा आग्रह धरला; 1920 मध्ये प्राथमिक शाळेच्या पहिल्या इयत्तांसाठी ग्रांथिक भाषा सोडून बोलीतील पुस्तके लावण्याचा हुकूम निघाला. आमच्या घरी दख्खनी बोलली जाते, शाळेत मी मराठीत शिकवितो आणि वाचन इंग्रजीत करतो. म्हणून हा प्रश्न मला जिव्हाळ्याचा वाटतो. सामाईक भाषा गरीब मुलाला दार उघडून देते यात शंका नाही. घरच्या भाषेला मात्र त्या दारातून आत घेतात की बाहेर उभी करतात, हा पुढचा प्रश्न. चीनमध्ये तो 2020 मध्ये पुन्हा उठला. अंतर्गत मंगोलियात काही विषय मंगोल भाषेऐवजी चिनीतून शिकविण्याचे ठरले, तेव्हा पालकांनी मुलांना शाळेतून घरी ठेवले.

1937 मध्ये जपानने पूर्ण स्वारी केली. त्याआधी काही महिने, डिसेंबर 1936 मध्ये, च्यांग कै-शेक यांना त्यांच्याच एका सेनापतीने सिआन येथे अडकवून ठेवले आणि कम्युनिस्टांशी लढणे थांबवून जपानशी लढा असे सांगितले. नानकिंगची कत्तल, कोट्यवधी निर्वासित, पश्चिमेकडे पायी निघालेली विद्यापीठे हे सारे त्यानंतरचे. याच युद्धात आपल्या सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस 1938 मध्ये भारतीय वैद्यकीय पथकातून गेले. पथकात नागपूरचे डॉ. चोळकर हेही होते. कोटणीस तेथेच राहिले, तेथील परिचारिकेशी त्यांनी लग्न केले आणि 9 डिसेंबर 1942 रोजी वयाच्या बत्तिसाव्या वर्षी तेथेच वारले. त्यांच्या मुलाचे नाव यिन-हुआ, म्हणजे भारत-चीन.

जपानने मुसलमानांना वेगळे काढण्याचा प्रयत्न केला. पेकिंगमध्ये त्यांची एक संघटना उभी केली, तुमचे राज्य वेगळे असावे असे सुचविले. काही गेलेही. पण सेनापती पाय चुंग-शी, जे स्वतः हुई मुसलमान होते, च्यांग यांच्या फौजेच्या अग्रभागी राहिले, आणि छंग-ता नावाची एक संस्था पेकिंग सोडून दूर दक्षिणेला क्वेलिन येथे गेली. या छंग-ताविषयी आपल्यासारख्या संस्थेत चार शब्द जास्त बोलले पाहिजेत. 1925 मध्ये त्सिनान शहरात हुई मंडळींनी ती शिक्षकांसाठी काढली, 1929 मध्ये ती पेकिंगला आली. मशिदीतील शिक्षण आणि देशाच्या शाळेतील शिक्षण एकाच मुलाला मिळावे, तो अरबीही शिको आणि चिनीही उत्तम लिहो, असा तिचा हेतू होता. इजिप्तच्या राजाने तिला शिक्षक व ग्रंथ पाठविले. तेव्हाच्या मुसलमान पालकांना भीती होती की चिनी शाळेत घातले तर मुलगा हातचा जाईल. ही संस्था त्या भीतीला दिलेले उत्तर होते.

युद्ध चालू असतानाच, फेब्रुवारी 1939 मध्ये, कुन्मिंगमधील एका वृत्तपत्रात इतिहासकार कू चिए-कांग यांनी लेख लिहिला: चिनी राष्ट्र एकच आहे; हान, मंगोल, मुसलमान असे वेगवेगळे वंश म्हणणे म्हणजे शत्रूच्या हाती कोलीत देणे. कू हे मुसलमानांचे स्नेही होते, त्यांच्या शिक्षणाची त्यांना कळकळ होती. फेइ श्याव-तुंग या अठ्ठावीस वर्षांच्या समाजशास्त्रज्ञाने त्यांना उत्तर दिले. त्याचा मुद्दा थोडक्यात असा: भाषा आणि रीतिरिवाज वेगळे आहेत हे नाकारल्याने ते नाहीसे होत नाहीत, सर्वांना सारखा हक्क द्या, म्हणजे त्या भेदांचा फायदा शत्रूला घेता येणार नाही. शत्रूची विमाने डोक्यावर घिरट्या घालीत असताना दोन विद्वान सभ्यपणे हा वाद घालीत होते. पुढच्या सगळ्या इतिहासात मला या दोन लेखांचाच झगडा दिसतो.

1 ऑक्टोबर 1949 रोजी माओ त्से-तुंग यांनी लोकप्रजासत्ताक जाहीर केले. कागदावर फेइ यांची बाजू जिंकली. हुईंना स्वतंत्र जमात म्हणून मान्यता मिळाली. 1953 च्या जनगणनेत चारशेहून अधिक जमातींनी आपापली नावे नोंदविली. छाननी होत होत 1979 मध्ये आकडा हान धरून छप्पन्नवर स्थिरावला. सिंक्यांग, निंगशिया, तिबेट यांना स्वायत्त प्रदेश म्हटले गेले. पण सारी सत्ता एका पक्षाच्या हाती असेल तर स्वायत्तता त्या पक्षाच्या मर्जीइतकीच असते. 1957 मध्ये स्वतः फेइ 'उजवे' ठरवले गेले. 1959 मध्ये दलाई लामांना भारतात यावे लागले. 1959 ते 61 च्या दुष्काळात कोट्यवधी माणसे भुकेने गेली. गोदामातील धान्याचे खोटे आकडे वर पाठविले जात होते आणि खरे बोलणाऱ्याला शिक्षा होती.

आणि मग 1966. हे सांगताना मला त्रास होतो, पण शिक्षकाने ते टाळू नये. 5 ऑगस्ट 1966 रोजी पेकिंगमधील मुलींच्या एका नामवंत शाळेत उपमुख्याध्यापिका पिएन चुंग-युन यांना त्यांच्याच विद्यार्थिनींनी मारहाण करून ठार केले. त्या तुमच्याच वयाच्या मुली होत्या. घरी त्या चांगल्याच असतील. 'क्रांतीचे शत्रू' कोण हे त्यांना वरून सांगितले गेले होते आणि शंका घेणे हाच गुन्हा झाला होता. 2014 मध्ये त्यांतील काही जणी, आता म्हाताऱ्या झालेल्या, त्यांच्या अर्धपुतळ्यासमोर वाकून उभ्या राहिल्या व त्यांनी माफी मागितली. पिएन यांच्या वृद्ध पतीने ती स्वीकारली नाही. देश त्या दहा वर्षांत नकाशावर पूर्ण एकसंध होता. सर्वांच्या हातात एकच लाल पुस्तक होते. तेव्हा एकी म्हणजे काय, हे नकाशावरून ठरवू नका असे मी त्या मुलीला आज सांगेन.

सांस्कृतिक क्रांतीत मशिदी बंद झाल्या. युन्नानमधील शातियेन या हुई खेड्याने मशीद उघडण्याचा हट्ट धरला. जुलै 1975 मध्ये सैन्य आले आणि हजाराहून अधिक माणसे मारली गेली. 1979 मध्ये सरकारनेच ते बंड नव्हते असे मान्य केले. हे शातियेन मा चिएन यांचे जन्मगाव. मा चिएन 1931 मध्ये कैरोच्या अल-अझहरला गेले, तेथे असताना त्यांनी कन्फ्यूशियसची वचने अरबीत आणली, ती 1935 मध्ये छापली गेली. परत येऊन ते पेकिंग विद्यापीठात अरबी शिकवीत आणि त्यांनी कुराणाचे चिनी भाषांतर केले. पूर्ण भाषांतर 1981 मध्ये छापले गेले, त्यांच्या मृत्यूनंतर तीन वर्षांनी. चीनची शहाणीव अरबांना आणि अरबी ग्रंथ चिन्यांना देणारा हा माणूस. त्याच्याच गावावर तोफा चालल्या.

माओ 1976 मध्ये गेले. डिसेंबर 1977 मध्ये विद्यापीठांची प्रवेशपरीक्षा पुन्हा सुरू झाली. सुमारे सत्तावन्न लाख मुलेमुली बसली, त्यांत खेड्यात पाठविलेली, तिशीला टेकलेलीही होती. प्रवेश मिळाला पावणेतीन लाखांच्या आसपास. दहा वर्षे पुस्तके लपवून ठेवणाऱ्यांना ती आता उघडता आली. पुढची संपन्नता आपण सारे ऐकून आहोत, आणि ती खरी आहे. जून 1989 मध्ये त्याच तिएन-आन-मेन चौकाभोवती विद्यार्थी व नागरिकांवर गोळ्या चालल्या, तेही खरे आहे. चीनमधील इतिहासाच्या पुस्तकात 4 मे आहे, 4 जून नाही.

2017 पासून सिंक्यांगमध्ये मोठ्या संख्येने उइघुर व इतर मुसलमानांना बंदिस्त छावण्यांत ठेवले गेले. अभ्यासकांचा अंदाज दहा लाखांच्या आसपास आहे. सरकार त्यांना व्यवसायशिक्षणाची केंद्रे म्हणते. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क कार्यालयाने ऑगस्ट 2022 च्या अहवालात म्हटले की हे मानवतेविरुद्धचे गुन्हे असू शकतात. कू चिए-कांग यांचा लेख जणू पुन्हा छापला गेला आहे, फक्त त्यातील कळकळ वगळून. 1988 मध्ये म्हातारे फेइ हाँगकाँगला व्याख्यान देताना म्हणाले होते की चिनी राष्ट्र अनेक प्रवाहांचे मिळून एक झाले आहे. त्यांतील 'एक' हा शब्द तेवढा आज मोठ्याने उच्चारला जातो. शातियेनच्या मोठ्या मशिदीवरचा घुमट 2024 पर्यंत काढला गेला होता. तेथे आता चिनी पद्धतीचे छप्पर आहे. जुन्या चिनी मशिदींना असेच छप्पर असे आणि ते हुईंनी आपल्या हौसेने बांधलेले असे.

त्या मुलीला मी दुसऱ्या दिवशी वर्गात सांगितले की माझे कालचे उत्तर चुकले. 'बंदुकीमुळे' हे पुरे नाही, परीक्षेचे, अक्षरांचे आणि 1919 च्या दुकानदारांचेही नाव घ्यावे लागेल. तिने वहीत ते लिहून घेतले आणि विचारले, "पण सर, ज्यांना राहायचं नव्हतं त्यांना कोणी विचारलं का?" तिला मी सांगितले की हा प्रश्न परीक्षेत येणार नाही, तरी वहीत ठेव. छंग-ता आणि मा चिएन यांच्याविषयी जेवढे मिळाले तेवढे मी उतरवून शाळेच्या ग्रंथालयात ठेवले आहे. ज्यांना पाहावयाचे असेल त्यांनी मधल्या सुट्टीत यावे.